गांवची वेळ आणि गाडीची वेळ

राज्यें कोणीं जिंकलीं, तह कोठें झाले आणि कायदे कोणीं केले हें लिहून ठेवण्यास बखरकार असतात. पण तो कायदा किंवा तें नवें यंत्र घराचा उंबरठा ओलांडून आंत आल्यावर चुलीपाशीं आणि देवघरांत काय झालें, हें लिहून ठेवण्यास कोणी नेमलेला नसतो. त्यामुळें मोठ्या घटनांचा इतिहास आपणांस पाठ असतो, आणि त्या ज्यांच्या अंगावर आल्या त्या साध्या माणसांनीं त्यांचें स्वागत केलें कीं त्यांच्याकडे पाठ फिरविली, ह्याविषयीं तर्कच लढवावा लागतो. एका बाबतींत मात्र हा तर्क बराच खात्रीचा करतां येतो. ती बाब म्हणजे घड्याळांतील वेळ. मुंबई शहरावर परगांवची वेळ लादण्याचा पहिला मोठा प्रयत्न इ. स. १८८१ त झाला, आणि शहरानें स्वतःची वेळ पुरतेपणीं सोडली ती १९५५ सालीं. मधल्या जवळजवळ पाऊणशें वर्षांत एक राणी आणि चार राजे होऊन गेले, दोन महायुद्धें झालीं, देश स्वतंत्र झाला. पण मुंबईच्या भिंतीवरील घड्याळांचें भांडण चालूच होतें.

आज द्वारकेपासून दिब्रुगडपर्यंत कोठेंही ‘किती वाजले’ असें विचारलें तर एकच उत्तर मिळतें. वस्तुतः ह्या दोन गांवांच्या सूर्यांत सुमारें पावणेदोन तासांचें अंतर आहे. पण खिशांतील मोबाईल तें अंतर दाखवीत नाहीं आणि आपणही विचारीत नाहीं. ह्या एकवाक्यतेची आपणांस इतकी संवय झाली आहे कीं, ती हुकुमानें आली, तिच्याविरुद्ध सभा झाल्या, गिरण्यांतून दंगा झाला, असें सांगूं लागल्यास घरांतील तरुण मंडळी आपली थट्टा चालली आहे असें समजतात. मिनिटांकरितां कोणी भांडतें काय? ह्या प्रश्नाचें उत्तर देण्यासाठींच हा लेख आम्ही लिहीत आहों.

घड्याळ घरांत येण्यापूर्वीं आपल्याकडे वेळ नव्हती असें नाहीं. उलट ती हवी तितकी होती. एका सूर्योदयापासून दुसऱ्या सूर्योदयापर्यंत साठ घटिका, एका घटिकेचीं साठ पळें आणि साडेसात घटिकांचा एक प्रहर, हें गणित जोशीबुवांपाशीं असे. लग्नाच्या वेळीं पाण्यानें भरलेल्या घंगाळांत बुडाशीं बारीक भोंक असलेली तांब्याची वाटी सोडीत. ती चोवीस मिनिटांत भरून तळाशीं जाई. ‘घटका भरली’ हा शब्दप्रयोग आपण पुढें ज्या अशुभ अर्थानें वापरूं लागलों, त्याचें मूळ ह्या बुडणाऱ्या वाटींत आहे. पण हें गणित मंडपापुरतें. रोजच्या व्यवहारांत शेतकऱ्याचा दिवस कासराभर वर येई, घरांत दिवेलागणीवरून तिन्हीसांज ठरे, आणि गुरांच्या पायांची धूळ उडूं लागली कीं गोरज मुहूर्त आपोआप होई.

ह्या वेळेचा मोठा गुण असा कीं, ती ज्या त्या गांवाची स्वतःची असे. पुण्याचा सूर्य मुंबईच्या सूर्याआधीं चार मिनिटें माथ्यावर येई, नागपूरचा पंचवीस मिनिटें आधीं येई, आणि त्यांत कोणास कांहीं वावगें वाटत नसे. पेशवाईंत पुण्यास रात्रीची तोफ होई ती पुणेकरांपुरती. साताऱ्याच्या माणसास तिच्याशीं कांहीं कर्तव्य नव्हतें. एका गांवची वेळ दुसऱ्या गांवास कळविण्याचें साधनच नव्हतें, आणि माणूस एका गांवाहून दुसऱ्या गांवीं जाई तो इतक्या सावकाश जाई कीं वाटेंत पोट आणि सूर्य हीं दोन्हीं घड्याळें आपसूक जुळत.

मुंबईस अचूक वेळेची गरज प्रथम लागली ती समुद्रामुळें. जहाजावरील घड्याळ बिनचूक असल्याशिवाय खलाशास आपण पूर्व-पश्चिम किती आलों हें कळत नाहीं. म्हणून ईस्ट इंडिया कंपनीनें कुलाब्यास इ. स. १८२६ त वेधशाळा बांधली. शहराची वेळ ती हीच. (ह्याच वेधशाळेची पुढील एक गोष्ट सांगण्याजोगी आहे. तेथें पृथ्वीच्या चुंबकशक्तीचीं मापनें होत असत. पण शहरांत विजेची ट्राम येणार असें दिसूं लागल्यावर विजेच्या प्रवाहानें तीं मापनें बिघडतील म्हणून १९०४ त अलिबागेस नवी वेधशाळा उभारावी लागली. ट्राम धांवूं लागली ती १९०७ त. एक यंत्र दुसऱ्या यंत्रास गांवाबाहेर कसें काढतें, ह्याचा हा आमच्या पाहण्यांतील उत्तम मासला आहे.)

मग रेल्वे आली. इ. स. १८५३ च्या एप्रिल महिन्याच्या १६ तारखेस दुपारीं साडेतीन वाजतां बोरीबंदरहून ठाण्यास पहिली गाडी सुटली, हें आपण शाळेंत पाठ केलेलें असतें. मात्र हे साडेतीन कोणाचे, असा प्रश्न कोणी शिक्षक विचारीत नाहीं. ते मुंबईचे होते. गाडी ठाण्यापर्यंतच जात होती तोंपर्यंत दुसऱ्या कोणाचे असण्याचें कारणही नव्हतें. परंतु १८७० च्या मार्चांत मुंबई आणि कलकत्ता हीं शहरें लोहमार्गानें जोडलीं गेलीं, आणि तेव्हां अडचण उभी राहिली. कलकत्त्याचें घड्याळ मुंबईच्या पुढें एक तासाहून थोडें अधिक होतें. एकाच रुळावर समोरासमोर येणाऱ्या दोन गाड्यांचे स्टेशनमास्तर निरनिराळ्या घड्याळांकडे पाहून झेंडी दाखवूं लागले तर काय होईल, हें सांगावयास नको. तोडगा निघाला तो मद्रासचा. तेथें जुनी वेधशाळा होती, आणि मद्रासची वेळ मुंबईच्या पुढें सुमारें अर्धा तास व कलकत्त्याच्या मागेंही जवळजवळ तितकीच होती. तेव्हां साऱ्या देशांतील गाड्या मद्रासच्या घड्याळावर धांवूं लागल्या.

येथून मुंबईच्या कुटुंबांना दोन वेळा सांभाळाव्या लागल्या: एक गांवची आणि एक गाडीची. गाडी दहाला सुटते म्हणजे घरच्या घड्याळांत साडेनऊ वाजण्यापूर्वीं सामानासह फलाटावर उभें असलें पाहिजे, ही वजाबाकी ज्यांस साधली त्यांनीं गाड्या पकडल्या. ज्यांस साधली नाहीं त्यांनीं तासभर आधीं जाऊन वळकटीवर बसून राहण्याचा मार्ग पत्करला. आपल्याकडील वडील मंडळी गाडीच्या फार आधीं स्टेशनावर जाऊन बसतात, ह्या संवयीचें बीज कदाचित् ह्या अर्ध्या तासांत असेल. निदान आम्हांस तसें वाटतें. पण येथें लक्षांत घेण्यासारखी गोष्ट निराळी आहे. ह्या परक्या वेळेविरुद्ध मुंबईनें मोठी ओरड केली नाहीं. दोन वेळा, दोन घड्याळें, रोजची वजाबाकी, एवढी कटकट लोकांनीं मुकाट्यानें सोसली. कारण गाडीची वेळ स्टेशनाच्या आवारांत राहत असे. तिकीट काढलें कीं माणूस तिच्या राज्यांत शिरे, आणि परत घरीं आला कीं तिच्यांतून मोकळा होई. पाहुण्यानें ओसरीवर बसावें. माजघरांत येऊन हुकूम सोडूं नये, एवढीच लोकांची अपेक्षा होती.

हा पाहुणा माजघरांत शिरला तो इ. स. १८८१ त. त्या वेळीं मुंबईचे गव्हर्नर सर जेम्स फर्ग्युसन होते. त्यांचेंच नांव पुढें पुण्याच्या कॉलेजास दिलें गेलें, त्यामुळें मराठी वाचकांस ते परके नाहींत. सरकारी कचेऱ्यांतून मुंबईची वेळ काढून मद्रासची वेळ पाळावी, असा हुकूम त्यांच्या सरकारनें वर्षाच्या अखेरीस सोडला. कारण सोयीचें होतें: रेल्वे आणि तारायंत्र ज्या वेळेवर चालतें तीच कचेऱ्यांनीं पाळावी. कागदावर ह्यांत चूक काढणें कठीण आहे. तरी शहर बिथरलें. वर्तमानपत्रांनीं टीका केली, व्यापाऱ्यांनीं कुरकुर केली, आणि विद्यापीठाच्या मनोऱ्यावरील घड्याळानें कोणती वेळ दाखवावी ह्यावर विद्वानांत जुंपली.

ह्या मनोऱ्याची हकीकत थोडी सांगितली पाहिजे. प्रेमचंद रायचंद ह्या कापसाच्या प्रसिद्ध व्यापाऱ्याच्या देणगींतून तो उभा राहिला, १८७८ त पुरा झाला, आणि त्यांच्या मातोश्रींचें राजाबाई हें नांव त्यास मिळालें. मातोश्री धर्मानें जैन. सूर्यास्तापूर्वीं भोजन उरकण्याचा त्यांचा नेम. आणि दृष्टि गेलेली. तेव्हां मनोऱ्याचे ठोके ऐकून त्यांस जेवणाची वेळ कळावी म्हणून मुलानें हा मनोरा बांधविला, अशी आख्यायिका मुंबईंत सांगतात. ती खरी असो वा नसो, घड्याळाचा मनोरा कशाकरितां असतो ह्याविषयीं लोकांची समजूत काय होती हें तिच्यावरून स्पष्ट दिसतें. तो मनोरा ह्या गांवचा सूर्य केव्हां मावळतो हें सांगण्यासाठीं होता. त्यावर मद्रासची वेळ लावली तर सहाचे ठोके पडत असतां मुंबईच्या आकाशांत साडेपांचच होणार. म्हणजे ज्या म्हातारीकरितां तो बांधला असें लोक मानीत, तिलाच तो रोज अर्धा तास फसविणार. हा युक्तिवाद त्या वेळीं कोणीं केला होता असें आमचें म्हणणें नाहीं. पण लोकांच्या मनांतील खळबळ ह्याच जातीची होती. अखेर सरकारला हें धोरण सोडावें लागलें, आणि मुंबईस मुंबईची वेळ परत मिळाली.

ह्या वादांत ज्यांचीं नांवें ऐकूं येतात तीं सारीं बॅरिस्टरांचीं, व्यापाऱ्यांचीं आणि संपादकांचीं आहेत. परंतु वेळेचा प्रश्न ज्यांच्या हाडांत शिरला होता ते लोक निराळेच होते. मुंबईच्या गिरण्यांत त्या काळीं दिवस उजाडल्यापासून मावळेपर्यंत काम चाले. इ. स. १८८४ त नारायण मेघाजी लोखंडे ह्यांच्या पुढाकारानें गिरणी कामगारांनीं एक अर्ज केला. त्यावर साडेपांच हजार कामगारांच्या सह्या होत्या. आठवड्यास एक सुटी, दुपारीं अर्धा तास विसांवा, आणि काम सकाळीं साडेसहापासून सूर्यास्तापर्यंतच, ह्या त्यांतील मुख्य मागण्या. शेवटची मागणी पुन्हा वाचून पाहावी. तिचें एक टोंक घड्याळांत आहे आणि दुसरें आकाशांत. सकाळची वेळ ठरविण्यास कामगारास घड्याळ हवें होतें, कारण मालक पहाटे बोलावीत. संध्याकाळची ठरविण्यास त्याला सूर्यच हवा होता, कारण सूर्य मागें-पुढें करणें मालकाच्या हातीं नव्हतें. वेळेच्या राजकारणावर इतकें नेमकें भाष्य आम्हांस कोणत्याही विद्वानाच्या ग्रंथांत आढळलें नाहीं. रविवारची सुटी त्यांस १८९० त मिळाली. सूर्यास्ताचा हक्क मात्र मिळाला नाहीं.

तो कां मिळाला नाहीं, हें १९०५ त दिसून आलें. त्या वर्षीं गिरण्यांतून विजेचे दिवे लागूं लागले. दिवा लागला कीं सूर्यास्ताचें महत्त्व संपलें. कांहीं गिरण्यांत काम चौदा-पंधरा तासांपर्यंत लांबलें, कामगार खवळले, आणि त्या वर्षाच्या उत्तरार्धांत शहरांत दंगे झाले. ज्या दिव्याकडे पाहून पांढरपेशा मंडळी सुधारणेचा गौरव करीत होती, तोच दिवा परळच्या माणसास आपल्या झोपेवर पडलेला दरोडा वाटला. दोघेही आपापल्या परीनें खरेंच पाहत होते.

ह्याच वेळीं हिंदुस्थान सरकारनें सबंध देशासाठीं एक वेळ ठरविली. ग्रीनिचच्या पुढें साडेपांच तास, म्हणजे मिर्झापुराजवळून जाणाऱ्या रेखांशाची वेळ. १८८४ त वॉशिंग्टन येथें भरलेल्या परिषदेनें ग्रीनिच हें आरंभस्थान मानल्यावर जगभर ही व्यवस्था पसरत होती. हिंदुस्थानांत ती येण्यास वीस वर्षें लागलीं. १९०५ त रेल्वे व तारखात्यानें ती उचलली, आणि १ जानेवारी १९०६ पासून मुंबई सरकारनें ती आपल्या कचेऱ्यांत चालू केली. मुंबईच्या घड्याळांना ३९ मिनिटें पुढें सरकण्याचा हुकूम झाला.

ह्यापेक्षां वाईट मुहूर्त कोणत्याही जोशानें काढला नसता. १९०५ च्या ऑक्टोबरांत बंगालची फाळणी अमलांत आली होती. त्याच सुमारास पुण्यांत विलायती कापडांची होळी झाली होती. घरोघरीं बायका साखर कोठली आणि बांगडी कोठली हें विचारूं लागल्या होत्या. सरकारच्या हातून येणारी प्रत्येक वस्तु संशयानें पाहिली जात असतां त्याच हातानें नवी वेळ पुढें केली. फाळणीही लोकांस न विचारतां झाली आणि वेळही. सर फिरोजशहा मेहता ह्यांचा आक्षेप हाच होता कीं, सरकारनें लोकांस विश्वासांत घेतलें नाहीं. ३९ मिनिटें पुढें कीं मागें हा वाद त्यांच्या दृष्टीनें दुय्यम होता. शहराच्या घड्याळाला हात लावण्यापूर्वीं शहराला विचारावयास हवें होतें.

येथें एक गंमत नमूद केल्यावांचून आम्हांस पुढें जाववत नाहीं. विलायती वेळेपासून स्वदेशी वेळेचें रक्षण करण्यास जीं घड्याळें उभीं होतीं तीं सर्व परदेशी होतीं. लंबकाचें असो, खिशांतील असो, मुंबईकर ज्याच्याकडे बोट दाखवून ‘ही आमची वेळ’ असें म्हणे, तें इंग्लंडहून, स्वित्झर्लंडहून नाहीं तर अमेरिकेहून आलेलें असे. बंगलोरच्या एच. एम. टी. कारखान्यांत हातघड्याळें तयार होऊं लागलीं तीं १९६१ त. तोंपर्यंत हें सारें भांडण मिटूनही गेलें होतें. ह्यावरून तत्कालीन मंडळींस ढोंगी म्हणण्याचें मात्र कारण नाहीं. यंत्र परक्याचें घ्यावें आणि त्यांत किती वाजवावयाचे तें आपण ठरवावें, ही मागणी आजच्या पिढीसही ओळखीची वाटेल.

गिरणींतील माणसाचें दुःख ह्याहून निराळें आणि अधिक खरें होतें. जानेवारीच्या पहिल्या तारखेस मुंबईंत सूर्य जुन्या घड्याळाप्रमाणें साडेसहाच्या पुढें उगवे. नव्या घड्याळाप्रमाणें सात वाजून बारा मिनिटांच्या सुमारास. गिरणीचा भोंगा नव्या सहाला झाला तर ते जुने पांच वाजून एकवीस मिनिटें. म्हणजे चाळींतील बाईनें भाकरी थापावयास काळोख्या थंडींत साडेचारापूर्वीं उठावें, ह्याचा हा हुकूम. सरकारी गणित असें कीं, सकाळीं ३९ मिनिटें आधीं गेलेला माणूस संध्याकाळीं ३९ मिनिटें आधीं सुटेल. नुकसान कोणाचेंच नाहीं. गणित बरोबर होतें. पण तीनच महिन्यांपूर्वीं विजेच्या दिव्याखालीं ज्याची संध्याकाळ लांबविली गेली होती, त्यानें ह्या गणितावर विश्वास कां ठेवावा? सकाळ आधीं सुरू होईल हें त्यास दिसत होतें. संध्याकाळ आधीं संपेल ही केवळ मालकाची जबान होती. जानेवारींत कांहीं गिरण्यांतून कामगारांनीं नव्या वेळेविरुद्ध काम बंद पाडलें, दगडफेक झाली. अडाणी लोकांस प्रमाणवेळेचें शास्त्र समजत नाहीं, असें म्हणून हंसणारे सुशिक्षित त्या वेळींही असतील. आमच्या मतें त्या शास्त्रांतील जो भाग जाणण्यासारखा होता तो त्यांस पुरता समजला होता.

म्युनिसिपालिटीनें प्रथम नवी वेळ पत्करली, पण १९०६ सालींच निर्णय फिरविला आणि आपल्या घड्याळांवर पुन्हा मुंबईची वेळ लावली. येथून शहराचे दोन तुकडे झाले. रेल्वे, टपाल, तारखातें, सरकारी कचेऱ्या ह्यांची वेळ ‘स्टँडर्ड’. म्युनिसिपालिटी, पुष्कळशा खाजगी पेढ्या आणि घरें ह्यांची ‘मुंबई टाईम’. जाहीर सभेच्या पत्रकावर आणि लग्नाच्या निमंत्रणावर वेळेपुढें ‘स्टँ. टा.’ किंवा ‘मुं. टा.’ हीं अक्षरें छापावीं लागत. एकाच घरांतील नोकरदार मुलगा एका वेळेनें बाहेर पडे आणि पेन्शनर वडील दुसऱ्या वेळेनें फिरावयास जात. त्यांतच घरचें घड्याळ मुद्दाम पांच-दहा मिनिटें पुढें ठेवण्याची आपल्याकडील खोड जमेस धरली, म्हणजे मुंबईच्या एखाद्या बिऱ्हाडांत नक्की किती वाजले हें सांगणें न्यायाधीशासही अवघड गेलें असतें. आणि तरीही शाळा भरल्या, लग्नें लागलीं, गाड्या सुटल्या. माणसें किती गोंधळांत सुखानें नांदूं शकतात ह्याचा अंदाज राज्यकर्त्यांस नेहमींच कमी असतो.

मग पडझड झाली ती कशानें? आमच्या समजुतीप्रमाणें हुकुमानें नव्हे, रेडिओनें. मुंबईचें केंद्र इ. स. १९२७ च्या जुलैंत सुरू झालें. पुढील वीस वर्षांत रेडिओ हळूहळू मध्यमवर्गीय घरांच्या कोनाड्यांत येऊन बसला, आणि बातम्यांपूर्वीं वेळ सांगूं लागला. गाडीची वेळ गाडीपाशीं जावें तेव्हां भेटे. ही वेळ स्वतःहून घरीं आली, गाणें घेऊन आली, आणि तिच्या आवाजावर घरांतील वडील माणूस स्वतःच्या हातानें घड्याळाचा कांटा सारूं लागला. फर्ग्युसनसाहेबांस आणि त्यांच्या मागून येणाऱ्यांस जें पत्रकानें साधलें नाहीं तें नाट्यगीतांच्या सोबतीनें साधलें. घरांत काय येऊं द्यावें हें घरच ठरवितें. फक्त तें आंत येतांना त्यानें दार वाजविलें पाहिजे.

दुसऱ्या महायुद्धानें ह्या गोंधळास आणखी एक पीळ दिला. १ सप्टेंबर १९४२ पासून सरकारनें प्रमाणवेळच एक तास पुढें केली. मुंबईच्या जुन्या वेळेपासून हें अंतर एक तास एकोणचाळीस मिनिटें झालें. ‘चले जाव’चा ठराव होऊन तीन आठवडे उलटतात न उलटतात तोंच हा फरक आला, तरी १९०६ प्रमाणें त्यावर मोठी चळवळ उठली नाहीं. ह्यावरून लोक शहाणे झाले होते असा निष्कर्ष कोणी काढूं नये. पुढारी तुरुंगांत होते, वर्तमानपत्रांवर बंधनें होतीं, आणि रेशनच्या रांगेंत उभ्या राहिलेल्या गृहिणीस तांदूळ मिळतो कीं नाहीं हा प्रश्न किती वाजले ह्या प्रश्नापेक्षां मोठा होता. १५ ऑक्टोबर १९४५ रोजीं तो वाढीव तास परत गेला.

स्वातंत्र्यानंतर कलकत्त्यानें आपली वेळ १९४८ त सोडली. मुंबईनें आणखी सात वर्षें काढलीं. परक्या सरकारचा हुकूम म्हणून जी वेळ नाकारली होती ती आपलें सरकार आल्यावर लगेच गोड वाटावयास हवी होती. पण तोंपर्यंत मूळ तक्रार विसरली गेली होती आणि संवय तेवढी उरली होती. १९५५ त ती संपली, तेव्हां ना सभा झाल्या, ना दगड पडले. ज्यांनीं १९०६ त वाद घातला त्यांपैकीं बहुतेक काळाच्या पडद्याआड गेले होते. आसामांतील चहाच्या मळ्यांतून ‘बागान टाईम’ म्हणून एक तास पुढची वेळ पाळतात, आणि ईशान्येकडून वेगळ्या वेळेची मागणी अधूनमधून होते. तिकडे सूर्य लौकर उगवतो एवढेंच तिचें कारण, म्हणजे मुंबईच्या मागणीचीच ती उलट बाजू. पण आतां मुंबईकर ती बातमी दुसऱ्याच्या घरची म्हणून वाचतो.

मुंबईची वेळ मात्र पुरी मेली आहे असें आम्हांस वाटत नाहीं. केरूनाना छत्रे ह्यांच्यापासून आपल्याकडे पंचांगशोधनाचा जो उद्योग चालला, त्यांत गांवोगांवच्या सूर्याचा हिशोब सोडतां येत नव्हता. सूर्योदय ज्याचा त्याचा असतो, आणि तिथीचें गणित त्यावर उभें असतें. म्हणून पंचांगकर्त्यांनीं वेळा प्रमाणवेळेंत छापल्या, पण आंकडे गांवाचेच ठेवले. भिंतीवरच्या दिनदर्शिकेंत संकष्टीच्या चंद्रोदयाचें कोष्टक असतें तें काढून पाहावें. मुंबई, पुणें, रत्नागिरी, नागपूर, प्रत्येकाचा रकाना निराळा. मुंबई आणि नागपूर ह्यांच्या चंद्रांत साधारण अर्ध्या तासाच्या आसपास फरक. दिवसभर उपास करून मोदकांचें पातेलें झांकून बसलेली बाई मुंबईची असली तर नागपूरचा रकाना पाहून ताट वाढून घेत नाहीं. ती आपल्या गांवाच्या आंकड्यावर बोट ठेवते, भिंतीवरील घड्याळाकडे पाहते, आणि तरीही गच्चीवर जाऊन चंद्र खरोखर आला आहे ना, हें बघून येण्यास मुलाला पिटाळते.